साडभाऊंच्या लाटा

साऱ्या बालाघाटात समुद्रावर बोलायचा हक्क आमच्या साडभाऊंचाच, आणि त्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता! मी पाहिला होता, आईला घेऊन मुंबईला गेलो तेव्हा. पण बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पडले वकील. ते बोलू लागले की माझी साक्ष कोण ऐकतो? माझ्या मुलीच्या बारशाला मी पाहुण्यांना चौपाटीची हकीकत रंगवून सांगत होतो, तेवढ्यात यांनी अंगणातल्या हौदात झेंडूचं फूल टाकलं आणि पाणी हलवलं. “पाहा, लाट काठाले गेली, फूल तिथंच डोलून राह्यलं! पाणी चालत येत नाही, वाऱ्यानं दूर दिलेला धक्का येते.” सगळं बारसं हौदाभोवती जमलं. माझ्यापाशी उरलं पेढ्यांचं ताट. “किती छान समजावतात भाऊजी!” ही म्हणाली, आणि मी आतल्या आत जळलो. एका लग्नात तर, तळ उथळ झाला की लाटेचे पाय अडखळतात अन् डोकं पुढं कोसळते, हे दाखवायला त्यांनी सतरंजी झटकली. धूळ नेमकी माझ्या पानात.

मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा आम्ही सगळे पुरीला गेलो. आता यांची फजिती होणार, म्हणून मी खूश होतो. लाटा फेसाळत फुटत होत्या, मधल्या एका पट्ट्यात मात्र पाणी शांत. मी जाणकाराच्या ऐटीत मुलीला तिकडे घेऊन निघालो.

“साडभाऊ, थांबा! काहून तिकडं जाता? काठावर आलेलं पाणी तिथूनच मागं जाऊन राह्यलं!” ते मागून मला ओरडले.

मुलीची चप्पल पायातून सुटली आणि बघता बघता आत, खोल पाण्याकडे गेली. माझ्या पायाखालची वाळूही सरकत होती. मी पोरीला उचलून बाहेर पळालो. ती रडत बिलगली ती साडभाऊंना. तेव्हाही मला हेवाच वाटला.

संध्याकाळी ते एकटेच वाळूत बसले होते. डोळे ओले.

“मले तुमचा लय हेवा वाटे,” ते म्हणाले. “तुम्ही आपल्या आईले समुद्र दाखवला. माझी आई खाटेवर पडून होती. तिले पाहाचा होता. नेता येत नव्हतं, म्हणून लाटांचं मिळेल ते वाचून सांगत गेलो.”

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारलं, “ही वाळू इथं येते कुठून, साडभाऊ?”

त्यांनी डोळे पुसले. “लाटा तिरप्या येतात ना...” ते हळूच सुरू झाले. अंधार पडेपर्यंत मी मधे एक शब्दही बोललो नाही.