महापौरांनी फिरवलेली चावी

शहराला पाणी नक्की कोणी आणले, एवढाच माझा प्रश्न होता. मी आखातातल्या अल रीम आयलंडवर लेकीकडे राहत असताना नातीला शाळेत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका अमेरिकी महापौरावर भाषण करायचे होते. ‘त्यांनी शहराला पाणी दिले,’ हे तिचे पहिलेच वाक्य. मी चरित्र वाचले. नळयोजना आखली आणि पूर्ण केली ती आधीच्या महापौरांनी. या गृहस्थांनी उंच टोपी घालून, बँडच्या तालावर चावी तेवढी फिरवली आणि त्या चावीवर पुढच्या निवडणुका जिंकल्या. मनगटाला एवढे श्रम पडल्यावर पुतळा हवाच!

“आई, मुद्दा टीचरनेच दिलाय. मार्क जातील,” जावई म्हणाले.

“जावईबापू, परवा नळ प्लंबरने दुरुस्त केला आणि पहिला पेला तुम्ही भरलात. मग नळ कोणी दुरुस्त केला?”

नात खिदळली. “बाबा, यू आर द मेयर!”

तिने वाक्य बदलले आणि तिचे मार्क खरोखरच गेले. मला मात्र त्या भाषणात प्रथमच अभ्यास दिसला. वाचकांनी माझ्यावर विसंबू नये. आपल्या गावच्या कोनशिलेवरील नाव आणि ते काम प्रत्यक्ष करणारे लोक, दोन्ही स्वतः पडताळून पाहावीत.