उरलेलं पाणी

शाळेत आमच्या यांना सगळे विश्राम सर म्हणतात. ते त्यांचं नाव नाही. एखादं पोर त्यांच्या खोलीच्या दारात येऊन काठीसारखं ताठ उभं राहिलं, की हे खुर्चीतून न हलता म्हणतात, "विश्राम!" मग ते पोर हसतं किंवा रडतं, पण ताठ राहत नाही. सैन्यातून आणलेली एवढी एकच आज्ञा त्यांनी शाळेत वापरली. बाकीच्या सगळ्या घरात वापरल्या, हे मी लग्नाची बायको म्हणून सांगते.

पांघरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा लावूनच झाली पाहिजे. चपला भिंतीशी रांगेत. मुलीच्या वेण्या हेच घालायचे, आणि त्या इतक्या घट्ट, की तिच्या भुवया वर ओढल्या जाऊन ती दिवसभर नवल वाटल्यासारखी दिसायची. वेणी घालायला ते बुटाच्या नाड्यांवर शिकले होते. मुलाला कांजिण्या आल्या तेव्हा रजा काढून त्याच्या उशाशी बसले, त्याने खाजवू नये म्हणून त्याच्याशी पत्ते खेळत राहिले, आणि आजारी पोराला एक डावसुद्धा मुद्दाम जिंकू दिला नाही. असा माणूस. यांच्याबद्दल तक्रार करायला बसले तर लोक म्हणतील, हिला सुख टोचतंय. तरी एक करतेच. साऱ्या जगाचं ऐकून घेणाऱ्या या माणसाला 'मीठ संपलंय' एवढं मात्र कधीच ऐकू गेलं नाही.

सैन्यातून सुटल्यावर हे पुन्हा कॉलेजात गेले. आपल्याहून कितीतरी लहान पोरांशेजारी बसून मानसशास्त्र शिकले आणि मग शाळेत समुपदेशक म्हणून लागले. शाळेने खोली दिली ती जिन्याखालची. तिथे आधी खेळाच्या चटया आणि मोडकी बाकं पडलेली असायची. वरचा वर्ग सुटला की बोलणं थांबवावं लागायचं, इतकी डोक्यावर पावलं वाजायची. यांनी ती स्वतः झाडली, रंगवली. आपल्या खुर्चीचे पाय करवतीने कापले, म्हणजे पोराला मान वर करून बोलायला नको. भिंतीवर एक पाटी लावली, 'इथलं बोलणं इथेच राहतं.'

आणि खरंच राहायचं. मुख्याध्यापिकाबाईंनी दटावून विचारलं, पालकांनी हातापाया पडून विचारलं, मी तर जेवताना खोदून खोदून विचारलं. तोंडातून शब्द निघाला नाही. एकदा बाजारात एक बाई यांचा हात धरून हुंदके देऊन रडली. मी भाजीची पिशवी घेऊन बाजूला उभी. ती गेल्यावर विचारलं, कोण हो ती? "एका मुलाची आई," हे म्हणाले आणि भेंडी निवडायला लागले. मला राग यायचा, पण त्या रागात अभिमानच जास्त असायचा.

एक गोष्ट मात्र ते सगळ्यांना सांगायचे. दर वर्षी नवीन वर्ग आला की पहिल्याच आठवड्यात त्या वर्गात जाऊन सांगायचे. हे आणि त्यांचा एक मित्र रसदीचा ट्रक घेऊन चालले होते. मित्र चालवत होता. पुढच्या ट्रकखाली सुरुंग फुटला. धूर खाली बसला, तरी मित्र जागचा हलेना. हात स्टिअरिंगला घट्ट धरलेले आणि पँट ओली झालेली. यांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. मागचे जवान पळत गाडीशी पोचायच्या आत पाण्याची बाटली उघडली, मित्राच्या पँटीवर ओतली आणि उरलेलं पाणी स्वतःच्या पँटीवर. बाटली सांडली, असं सांगितलं. दोघं सारखेच ओले, कोणाला काही कळलं नाही.

ओल्या पँटीला पोरं खिदळायची. उरलेल्या पाण्याशी आली की गप्प व्हायची. मग हे म्हणायचे, "घाबरणं हा गुन्हा नाही. घाबरलेल्याच्या शेजारी कोण बसलंय, ते महत्त्वाचं." त्यानंतर महिनाभर जिन्याखालच्या खोलीला उसंत नसायची.

ही गोष्ट मी वर्गाच्याही आधी ऐकली होती. आमचं लग्न ठरायचं होतं, हे मला भेटायला आले होते आणि बागेतल्या बाकावर बसून, जमिनीकडे बघत त्यांनी ती सांगितली. मी घरी जाऊन होकार कळवून टाकला. मित्रासाठी स्वतःची पँट भिजवणारा माणूस संसारात हात आखडणार नाही, असा माझा अंदाज. तो चुकलाही नाही.

मित्र कोण, ते यांनी कधी सांगितलं नाही. पण न कळायला मी काही दूधखुळी नव्हते. ट्रक चालवणारा यांचा मित्र एकच. उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला लागणारा, म्हणून पलटणीने त्याचं नाव लंबू ठेवलेलं. मी त्यांना भावोजी म्हणते. सैन्यातून सुटल्यावर त्यांनी गाडीला पुन्हा हात लावला नाही. पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि दर रविवारी सकाळी सायकलवरून आमच्याकडे यायचे. दारातूनच, शाळेतल्या नावाने चिडवत ओरडायचे, "ए विश्राम, उठलास का अजून लोळतोयस?" मी चहा देताना त्यांच्याकडे जरा जास्तच मायेने बघायचे, बिस्किटं दोन जास्त ठेवायचे. आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्या मायेत कीव होती, आणि ती त्यांना दिसत नाही असं मी धरून चालले होते.

यंदा भावोजींचा मुलगा बायको-मुलीसह बापाजवळ राहायला आला. नातीला शाळा हवी होती. यांनीच मुख्याध्यापिकाबाईंकडे शब्द टाकला आणि पोरीला प्रवेश मिळाला. भावोजींनी त्या खुशीत आमचा जुना पंखा फुकटात बसवून दिला आणि वर मलाच ऐकवलं, "वहिनी, हा पंखा आहे की घंटी? केवढा वाजतो!"

मग शाळा सुरू झाली. हे नेहमीप्रमाणे नव्या वर्गात गेले. तोंडाला सवय झालेली, बोलत सुटले. पाण्याच्या बाटलीपर्यंत आले तेव्हा त्यांना ती पोर दिसली. खिडकीजवळच्या बाकावर बसून सगळ्यांसारखीच खिदळत होती.

त्या दिवशी घरी आले ते पानावर नुसते बसले. मी म्हटलं, काय झालं?

"आज वर्गात गोष्ट सांगितली."

"मग? दर वर्षी सांगता."

"लंबूच्या नातीसमोर सांगितली."

मी समजूत काढली, "तिला काय कळतंय? नाव थोडंच घेतलंत?" त्या रविवारी भावोजी आले नाहीत. मी म्हटलं, काम असेल. पुढच्याही रविवारी सायकलची घंटा वाजली नाही, आणि मी बिस्किटांचा डबा उघडून पुन्हा बंद केला.

त्यानंतर एक दिवस हे शाळेतून आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोलीतलं बोलणं मला सांगितलं. ती पोर मधल्या सुट्टीत आली होती म्हणे. खुर्चीत बसली, पाय हलवत म्हणाली, "सर, मी तुमची गोष्ट घरी सांगितली. जेवताना. सगळे हसले. आजोबापण हसले. मग ते म्हणाले, तुझ्या सरांना एक विचार. दुसऱ्याच्या पँटीवर पाणी कशाला ओतलं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"उद्या सांगतो म्हणालो. पण ती उठेना. पाटीकडे बघत होती. म्हणाली, सर, तुमच्या मित्राला माहीत आहे का, तुम्ही हे सगळ्यांना सांगता ते?"

एवढं बोलून यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इतक्या वर्षांत इतकी पोरं ती गोष्ट ऐकून गेली, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मला मात्र भावोजींचा प्रश्न कळेना. पाणी कशाला ओतलं, हे काय विचारणं झालं? मित्रासाठी ओतलं. मी तसं म्हटलं. यांनी तोंडावरचे हात काढले नाहीत.

रविवारी आम्हीच भावोजींकडे गेलो. हे एकटे निघाले होते, पण एकटे गेले तर जिन्यातूनच परत फिरतील हे मला ठाऊक होतं. भावोजींनी दार उघडलं आणि म्हणाले, "या सर, बसा."

सर! आयुष्यभर 'ए' म्हणून हाक मारणारा माणूस. मला वाटलं, कुठे तोंड लपवू.

घरची सगळी बाहेर गेली होती, नात तेवढी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. टेबलावर एक पंखा उघडा पडलेला, त्याचे स्क्रू झाकणात काढून ठेवलेले. हे त्या स्क्रूंकडे बघत बोलायला लागले. मुलांना धीर यावा म्हणून सांगत होतो, नाव कधीच घेतलं नाही, शेकडो पोरांना उपयोग झाला. जिन्याखालच्या खोलीत चुका करून आलेली पोरं जशी बोलत असतील, अगदी तसंच.

भावोजींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा 'सर' गळून पडला. "नाव घेतलं असतंस तरी परवडलं असतं. वहिनींना सांगितलीस, ते मला तेव्हापासून माहीत आहे. त्यांच्या चहावरून कळायचं."

मी पदराशी चाळा करायला लागले. दुसरं काय करणार?

"माझी पँट ओली झाली," भावोजी म्हणाले, "झाली. लपवून काय करू? पण तू पोरांना सांगतोस, आधी माझ्यावर ओतलं आणि उरलेलं स्वतःवर. खरं सांग. वहिनी आहेत समोर. आधी कुणावर ओतलंस?"

यांनी झाकणातला एक स्क्रू उचलला आणि परत ठेवला.

"स्फोट झाला तेव्हा तू डोळे गच्च मिटून मुटकुळं करून बसला होतास. माझ्याआधी तू भिजला होतास. माझी बोटं सोडवलीस, ते तुझे उपकार, ते मी नाही विसरणार. पण पाणी तू तुझ्यावर ओतलंस. माझ्याकडे बघितलंस ते नंतर. मला मिळालं ते उरलेलं."

मी यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता हे म्हणतील, काहीतरी काय बोलतोस? ते तसं म्हणाले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते.

माणूस घाबरला याची मला लाज वाटली नाही. सुरुंगापुढे कोण नाही घाबरणार? लाज वाटली ती याची, की आपली भीती यांनी मित्राच्या अंगावर ढकलली, वर त्या भीतीवर आपल्या चांगुलपणाची मोहोर उठवली, आणि ती घेऊन वर्गावर्गातून फिरले. बागेतल्या त्या बाकावर बसून मलाही तीच ऐकवली, आणि मी होकार देऊन बसले. ज्याला मी होकार दिला, तो माणूस त्या ट्रकमध्ये नव्हताच. संताप असा झाला, की तिथेच चार शब्द सुनावावेत. पण भावोजींसमोर कोणत्या तोंडाने सुनावणार? त्यांची कीव करत मीही इतकी वर्षं चहा ओतलाच होता.

आवाज ऐकून पोर दाराशी आली होती. हातात पेन, गालावर शाईचा ठिपका. यांनी तिला बघितलं आणि उठून उभे राहिले.

"बाळ, मी वर्गात सांगितलेली गोष्ट खोटी होती. घाबरलो मी होतो. पँट माझी ओली झाली होती. पाणी मी आधी माझ्यावर ओतलं."

"आणि ड्रायव्हर?" तिने विचारलं.

भावोजींनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि घट्ट बसलेला एक स्क्रू उगाच पिळायला लागले.

"त्याचं मी सांगणार नाही," हे म्हणाले. "ते सांगायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. मला तो हक्क नाही."

पोर काही खुळी नव्हती. तिने यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आजोबांच्या हाताकडे बघितलं. तो स्क्रू जागचा हललाही नव्हता. ती चालत आजोबांपाशी गेली, त्यांच्या खांद्याला टेकून उभी राहिली आणि तिथून यांना म्हणाली, "मग आधी वर्गात का सांगितलंत?"

हे माझ्याकडे बघायला लागले. कुठे अडलं, की हे माझ्याकडेच बघतात, आणि मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. त्या दिवशी मी काही बोलले नाही.