मालकाचा चहा

आमच्या युनियनचा एक कडक नियम होता. बोलणी करायला केबिनमध्ये गेलं तरी मालकाचा चहा घ्यायचा नाही. कितीही वाफाळता येऊ दे, कप तसाच परत. हा नियम मी बावीस वर्षं पाळला आणि मग एका टॉवेल कारखान्याच्या सामाजिक जबाबदारी विभागात नोकरीला लागलो. आमच्या विणकरांच्या भवानी पेठेत ही बातमी माझ्या आधी पोचली.

माझ्या शेजारच्या मागावरच्या ज्या विणकरानं मला युनियनमध्ये आणलं, त्याला मी मामा म्हणायचो. तो माझ्या घरी येईनासा झाला. एकदा मी त्याला कोपऱ्यावरच्या हॉटेलात चल म्हणालो, तर जागचा हललाच नाही.

"तुझा चहा आता मालकाचा चहा हाय की," तो म्हणाला.

मला भयंकर राग आला. झाडं लावून फोटो काढणाऱ्या साहेबांशी भांडभांड भांडून मी कामगारांच्या कानांची तपासणी सुरू करायला लावली होती. मागांच्या खडखडाटात मामाचेही कान गेलेच होते. पण त्याला हे सांगायला माझी जीभ रेटेना.

पुढे एका कॉलेजनं कामगार कल्याण शिकवायला बोलावलं आणि मी कारखाना सोडला. यंदा मामाला वर्गात बोलायला बोलावलं. "पोरांसाठी येतो, तुझ्यासाठी न्हाय," असं बजावून तो आला, पोरांशी बोलला आणि मग माझा तास संपेपर्यंत शेवटच्या बाकावर बसून राहिला.

तास संपता संपता एका मुलीनं विचारलं, सर, तुम्ही युनियन का सोडली? एरवी मी भाषण ठोकलं असतं. त्या दिवशी नुसता पुटपुटलो. "थकलो होतो," मी कसंबसं म्हणालो. "आणि ज्यानं मला उभं केलं, त्याला हे सांगायची लाज वाटली."

पहिल्या बाकालाही नीट ऐकू गेलं नसेल. पण मागावर जन्म काढलेली माणसं कानांनी ऐकतच नाहीत. खडखडाटात ती समोरच्याच्या ओठांवरचं वाचतात आणि हातांनी बोलतात. मामा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

मग त्यानं तळहाताची बशी केली आणि ओठांशी नेली. आमच्या जुन्या कारखान्यात सुट्टीच्या वेळी तो मला अशीच खूण करायचा: चल, चहाला.

मला इतकं हलकं वाटलं, की हजेरी घ्यायचीच राहिली.