शेवटची सोळा पानं

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात माझं पोस्टिंग नगरजवळच्या भिंगारला होतं. मी दफेदार, म्हणजे टँकच्या पलटणीतला हवालदार, एका टँकचा कमांडर. टँकमध्ये आम्ही चौघं: ड्रायव्हर माने, गनर कदम, लोडर सोपान आणि मी. चौघेही देशावरचे. साडेपाचला पीटी, सातपासून टँकची देखभाल, एकला जेवण, दोन ते तीन विश्रांती. त्या तासात सोपान आम्हाला कादंबरी वाचून दाखवायचा.

सोपान हुद्द्यानं साधा सवार, नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचा. पुस्तक गावच्या लायब्ररीतलं, सुटीवरून येताना आणलेलं. पुढची पानं गळालेली, त्यामुळे नाव कुणालाच माहीत नव्हतं. वाचन चालायचं टँकच्या इंटरकॉमवर. चौघं आपापल्या सीटवर, कानाला हेडसेट. बॅटरी उतरते म्हणून मी वरच्या साहेबांची दोनदा बोलणी खाल्ली, पण वाचन थांबवलं नाही.

गोष्ट अशी. दहा जवानांची तुकडी गस्तीवर असताना पडक्या किल्ल्याच्या भिंतीतल्या दरवाजातून आत शिरते आणि भलत्याच मुलखात पोचते. तिथे नद्या डोंगर चढतात, घोडे बोलतात आणि रायफलीतून सुटलेल्या गोळीचं पाखरू होऊन उडून जातं.

"मंग आपल्या तोफगोळ्याचं काय हुईल?" कदमनं विचारलं.

"गिधाड," मानेचा आवाज पुढून आला.

लेखक फौजेत नव्हता हे उघड होतं. त्याची तुकडी गस्तीला निघते आणि कुणी पाण्याची बाटली भरत नाही. जादूगाराच्या राज्यात मुक्काम करतात, पण पहारा लावत नाहीत. मी हे बोलून दाखवलं की सोपान म्हणायचा, "साहेब, ऐका की. तुमी इन्स्पेक्शनला आलाय का?"

ऑक्टोबरात सीमेवर जायचा हुकूम आला. निघायच्या आदल्या दुपारी सोपान स्टोअरला गेला होता. तेवढ्यात मी शेवट वाचून काढला. दरवाजा बंद होऊ लागतो आणि एकालाच बाहेर पडता येतं. तुकडीचा हवालदार बाहेर येतो, वळून बघतो, तर मागे नुसती भिंत. नऊ जण आतच राहतात.

लढाईला निघालेल्या पोरांना हे ऐकवायचं नाही, असं मी ठरवलं. एरवी मी शकुन-अपशकुन मानणारा नव्हतो. दाढीच्या ब्लेडनं शेवटची सोळा पानं कापली आणि घडी करून खिशातल्या पे-बुकात ठेवली. आपण मोठं शहाणपण केलं असं मला तेव्हा वाटलं.

डिसेंबरात सीमेवर पुस्तक कापलेल्या जागेपर्यंत आलं.

"साहेब, म्होरली पानं न्हाईत," सोपान म्हणाला.

"लायब्ररीतच फाटली असतील."

कापलेल्या सरळ कडेवरून त्यानं बोट फिरवलं. "असत्याल," म्हणाला आणि पुस्तक आपल्या सीटमागे ठेवून दिलं.

चार दिवसांनी सकाळी दहाला हल्ला सुरू झाला. सुरुंगांच्या पट्ट्यातून इंजिनियर्सनी पांढऱ्या फितीची वाट काढून दिली होती. आमच्या टँकमध्ये तिला दरवाजाच म्हणत.

"थ्री, पुढे चला. ओव्हर," वायरलेसवर आमच्या टँकला हुकूम आला.

"थ्री, निघालो. आउट."

अकरा वीसला टरेटला, तोफेच्या फिरत्या बुरजाला, गोळा लागला. माने पुढच्या हॅचमधून निघाला. कदमचा हात गेला होता, त्याला मी वर ओढून बाहेर ढकललं. सोपानचे दोन्ही पाय तोफेच्या मागच्या भागाखाली चेंगरले होते. इंजिनकडून आग येत होती आणि आत दारूगोळा भरलेला होता. त्याच्या काखेत हात घालून मी दोनदा ओढलं. तो हलला नाही.

"सोडा, साहेब."

"गप. ओढतोय मी."

"शेवट काय हाय त्याचा?"

कशाचा, हे विचारावं लागलं नाही. मी म्हणालो, "सगळे घरी येतात."

"मंग जावा की तुमी."

मी बाहेर पडलो. मला त्याची लाज वाटते. आजही वाटते. वीसेक पावलं गेलो असेन, तेवढ्यात टँक उडाला.

त्याच्या वडिलांना मी पत्र लिहिलं. जागीच गेला, त्रास झाला नाही. फौजेत असंच लिहितात.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये मी पुन्हा भिंगारला होतो. तीच बराक, नवा क्रू. ती पानं मी किती वेळा वाचली, मोजलं नाही. दर वेळी हवालदार एकटाच बाहेर आला. शेवटी एका रविवारी नगरहून एसटी धरली आणि बेलापूर गाठलं. दुष्काळाचं वर्ष होतं, शिवारात हिरवं पान नव्हतं. सोपानचे वडील ओट्यावर सुतळी वळत बसले होते.

"आबा, मी पत्रात खोटं लिहिलं," मी म्हणालो आणि घडलं ते सांगितलं. पानं कापली ते, आगीत बोललो ते, निघून आलो ते. त्यांचं सुतळी वळणं थांबलं नाही. मी पानं काढून त्यांच्यापुढे धरली.

"मला वाचता येत न्हाई. तुमीच वाचा," ते म्हणाले.

मी शेवटचं पान वाचायला घेतलं. हवालदार बाहेर येतो, वळून बघतो. मी पान खाली केलं.

"आन् मागं नुसती भित," म्हातारा म्हणाला.

मी मान वर केली.

"भरती व्हायच्या आधी दोनदा वाचून दावलं हुतं त्यानं मला. हितंच बसून."

मग त्यांनी पानं घेतली, गुडघ्यावर ठेवून घडी सारखी केली आणि मला परत दिली. शेवटच्या पानावर लायब्ररीचा जांभळा शिक्का होता.

"जाता जाता लायब्ररीत दिऊन जावा. त्यांचं हाय ते."

मी देऊन आलो.

सवार सोपान, लोडर. वय तेवीस. शेवट त्याला माहीत होता.