क्लच नसलेला ट्रक

हुडकेश्वरला आमच्या घरासमोर एक नवा भाडेकरू आपला ऑटोमॅटिक ट्रक उघडून बसलेला असे. गिअर पडे, पण ट्रक पुढे सरकत नसे. तो गिअरबॉक्सचं तेल बोटावर घेऊन हुंगायचा आणि जळका वास आला की मान हलवायचा.

रस्त्यावर सांडलेलं तेल पाहून एकदा मी चिडून म्हणालो, "विकून टाका हा! साधा क्लचवाला घ्या."

"मंग पाय तुमचा देता का भाऊ, क्लच दाबाले?" हसत त्यानं पँट वर केली. डावा पाय गुडघ्याखाली नकली होता. "हा ट्रक चालला तरच मी ड्रायवर."

त्यानं गिअरबॉक्समधली तेल गाळायची तुंबलेली जाळी धुतली, नवं तेल भरलं. अखेर ट्रक हलला, तेव्हा त्यानं मलाच हाक मारली, "या जी भाऊ, एक चक्कर मारू!"

मी खजील होऊन शेजारी बसलो. त्याचं नाव विचारायचंही मला धैर्य झालं नाही.