एका देशाचा पासपोर्ट

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावाहून न्यूयॉर्कला जाणारी बस सुटली तशी आप्पांनी खिशातून वही काढून वेळ टिपली. सात सतरा, दोन मिनिटं उशीर. माझे वडील चौतीस वर्षं भुसावळला मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी चाकं हलली की वेळ टिपल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

निघालो न्यूयॉर्कला होतो, पण डोक्यात जपान होतं. आप्पा सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते. मी स्टेट कॉलेजला संख्याशास्त्रात पीएचडी करत होते. आल्या महिन्यातच ते दोनदा दाराच्या चौकटीला धडकले, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला, आणि फार पुढं गेलेला. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलीय ती वर्षभर टिकली तरी खूप, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आताच त्यांना नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसत होतं. घरी येऊन मी विचारलं, काय काय बघायचंय? मला वाटलं, नायगारा म्हणतील.

"ती जपानची बुलेट गाडी," आप्पा म्हणाले. "जन्मभर शेवटच्या डब्यातून मागं पडणारे रूळ पाहिले. एकदा चांगल्या खिडकीत बसून बघतो."

विद्यार्थिनीच्या मिळकतीत जपान बसवणं म्हणजे हातरुमालाची गोधडी करणं, पण आम्ही हिवाळाभर बसून ते जमवलं. मुंबईच्या तिकिटात टोकियोला उतरायची सोय होती. मी तिथपर्यंत सोबत जाऊन परत फिरणार होते. रेल्वेचा सात दिवसांचा पास जपानबाहेरच विकत घ्यावा लागे, तो न्यूयॉर्कला मिळणार होता. टोकियो, क्योतो, हिरोशिमा आणि परत. मुक्काम मिन्शुकूत (घरातल्याच खोल्या भाड्यानं देतात तिथं), जेवायला एकिबेन (स्टेशनावर मिळणारा डबा), आणि त्यात मासा निघाला तर आमच्या दशम्या. लायब्ररीतल्या वेळापत्रकावरून आप्पांनी कॉम्प्युटरच्या रद्दी कागदांच्या पाठीवर जाड काळ्या पेनानं आमचं वेळापत्रक लिहिलं. हिरोशिमाच्या वाटेवर ओकायामाला गाडी बदलायला अकरा मिनिटं होती. मला ती कमी वाटली.

"अकरा मिनिटांत मी अर्धी मालगाडी तपासलीय," आप्पा म्हणाले. विषय संपला.

राहिला होता फक्त व्हिसा. मला थिसिसचं एक प्रकरण द्यायचं होतं, म्हणून तो मी शेवटच्या आठवड्यावर ढकलला. विमान पुढच्या बुधवारचं होतं.

मार्च संपत आला होता. डोंगरांच्या सावलीत मळकट बर्फ उरला होता, मध्येच लाल रंगाची मोठाली गोठाघरं दिसत. सस्क्वेहाना नदी आली तेव्हा आप्पांनी मान वळवून वळवून तिचा एकेक तुकडा पाहिला. दुपारी बस एका खानावळीपाशी थांबली. शाकाहारी म्हणून बटाट्याचे तळलेले काप मिळाले. आप्पांनी डबीतली लसणाची चटणी त्यावर भुरभुरली. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, हे काय? त्यांनाही चिमूटभर दिली. बाई दोन ग्लास पाणी प्यायल्या आणि त्यांनी आमच्या कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

मुक्काम क्वीन्समध्ये ओळखीच्या देवधरकाकूंकडे होता. काकूंनी गरम वरणभात वाढला आणि बेत ऐकून डोक्याला हात लावला.

"अगं, आम्ही वीस वर्षं इथं डॉलर कमावतोय, तरी जपान अफोर्ड होत नाही म्हणून दरवेळी ड्रॉप केलं. आणि तू स्टुडंट असून प्लॅन केलंस? ग्रेट आहेस हं."

मी फुगले. ते फुगणं मला आजही आठवतं आणि लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला आम्ही जपानी वकिलातीत होतो. खिडकीमागच्या तरुणीनं आधी माझा पासपोर्ट पाहिला. त्या काळी आपल्या पासपोर्टवर देशांची नावं नोंदवलेली असत आणि तेवढ्याच देशांत जाता येई. मी निघताना हौसेनं अर्धं जग लिहून घेतलं होतं. मग तिनं आप्पांचा उघडला, पान उलटलं, पुन्हा मागचं पान पाहिलं आणि पासपोर्ट माझ्याकडे वळवला.

"यावर एकच देश आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "अमेरिका. माफ करा, आम्हाला व्हिसा देता येणार नाही. आधी तुमच्या वकिलातीतून नाव वाढवून आणा."

आपल्या वकिलातीत आम्ही टॅक्सीनं गेलो. काउंटरवरचे गृहस्थ चांगले होते, बसा म्हणाले, फॉर्मही स्वतः भरून दिला. पण पासपोर्ट भारतात काढलेला, तिथं विचारणा करावी लागणार. निदान तीन आठवडे. आप्पांचा इथला मुक्कामाचा परवाना विमानाच्या दुसऱ्याच दिवशी संपत होता. मी विनवण्या केल्या, डोळ्यांचं सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. "बेटी, मेरे हाथ में होता तो..." एवढंच ते म्हणाले. आप्पांनी माझ्या कोपराला धरून मला उठवलं.

ओकायामाच्या अकरा मिनिटांची मी चार वेळा पडताळणी केली होती. वडिलांचा पासपोर्ट एकदाही उघडून पाहिला नव्हता.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्यावरच चिडले. "आप्पा, फॉर्मवर एकच देश का लिहिलात? अजून चार लिहिले असते तर काय बिघडलं असतं?"

"त्यांनी विचारलं, कुठं जायचंय. मला तुला बघायला यायचं होतं."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी खिडकीकडे तोंड करून रडले. ती खिडकीची जागा खरं तर त्यांना द्यायला हवी होती, तेही सुचलं नाही.

बुधवारी ते एकटे गेले. विमान बदलायला टोकियोच्या विमानतळावर चार तास थांबले होते. पत्रात लिहिलं होतं, 'आतून रूळ दिसत नाहीत. चहा बरा होता.' ओळी एकमेकींवर चढल्या होत्या.

पुढच्या डिसेंबरात मी भुसावळला गेले. आप्पा ओसरीत खुर्चीवर बसले होते. मी पाया पडले. त्यांनी माझ्या आवाजाच्या रोखानं मान वळवली, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"बारीक झालीस गं," ते म्हणाले.

माझं वजन वाढलं होतं. मी हो म्हणाले.