तेजी खाल्ली

बी.ए.च्या परीक्षेची फी भरायला वडिलांनी मला पंचवीस रुपये दिले होते. मुदत दहा दिवसांवर होती. वडील लालबागच्या गिरणीत साचे चालवायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुस्तकांसाठी त्यांच्याकडे पुन्हा मागावं लागू नये, एवढाच माझा विचार होता. तो वाईट होता असं मला अजूनही वाटत नाही.

वर्गातल्या एका गुजराती मित्राने मला काळबादेवीत चालणारी तेजी समजावली होती. चांदी चढेल असं वाटलं, तर आज थोडे पैसे देऊन आठवड्याने ती आजच्याच भावात घ्यायचा हक्क विकत घ्यायचा. चढली तर फरक आपला. नाही चढली तर दिलेले गेले, बाकी काही नाही. मी हे वहीत दोनदा लिहून काढलं. मित्राने माझ्यासाठी सगळं शुद्ध मराठीत सांगितलं होतं, आणि घोटाळा तिथेच झाला.

हा व्यवहार कायद्याने बंद होता, त्यामुळे मित्राने सांगितलेल्या पेढीला पाटी नव्हती. मित्राची ओळख सांगितल्यावर तिथल्या मेहताजींनी मान वर न करता विचारलं, "तेजी? लगाता है के खाता है?"

मी गांगरलो. आमच्या चाळीत 'लावणे' म्हणजे आकडा लावणे. जिन्याखाली आकडा लावणाऱ्यांशी बोलायचीही मला बंदी होती. मी काही जुगारी नव्हतो, अभ्यास करून आलो होतो. म्हणून ठामपणे म्हणालो, "खाता है."

आता त्यांनी मान वर केली. "पक्का?"

"पक्का."

त्यांनी माझे पंचवीस रुपये अनामत म्हणून ठेवून घेतले आणि उलट पाच रुपये माझ्या हातावर ठेवले. द्यायचे तिथे मिळाले, याचं नवल वाटलं. विद्यार्थ्यांना सवलत असावी, अशी मी समजूत करून घेतली.

दुसऱ्या दिवशी मित्राने कपाळाला हात लावला. "अरे, खाल्लीस? म्हणजे हक्क तू विकलास! आता चांदी चढली की तू भरायचे."

"किती?"

"चढेल तेवढे."

"आणि ती किती चढते?"

"तिला काय छप्पर आहे?"

चांदी चढत गेली. चार दिवसांत माझे एकोणीस रुपये बुडाल्यात जमा होते. पाचव्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला. बाजार बंद, म्हणजे भावही बंद. त्या दिवशी मोर्चात माझ्याएवढं कोणी ओरडलं नसेल, काळबादेवीच्या तोंडाशी तर नक्कीच नाही. आमच्या गटाचा पुढारी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय तळमळ आहे रे तुझी!" त्या तळमळीत महाराष्ट्राची किती आणि चांदीची किती, हे मला आजही सांगता येत नाही.

बाजार उघडला तेव्हा चांदी, कशाने कोण जाणे, उतरली होती. हिशोबाच्या दिवशी मेहताजींनी सात रुपये कापून अठरा परत दिले. जपून ठेवलेले पाच धरून तेवीस. फीला दोन कमी, आणि मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

वडील पहिल्या पाळीवरून आले तसं मी सगळं सांगून टाकलं.

"त्या मेहत्यान तुका फसवल्यान?"

"नाही. मीच शब्दात चुकलो."

त्यांनी तेवीस रुपये दोनदा मोजले. मग म्हणाले, "बी.ए. होतलंस ना रे? मगे 'खाता' म्हणजे काय, ता इचारूक तोंड नव्हता?"

सकाळी ते खाडा करून माझ्याबरोबर कॉलेजात आले. फीच्या खिडकीत त्यांनी कमी पडलेले दोन रुपये घालून स्वतः पैसे दिले, पावती दोन्ही हातांनी घेतली आणि कारकुनाला विचारलं, "सायबानू, ह्यो भाव उद्या वर-खाली जावचो नाय मां?"

"फी आहे ही, बाबा," कारकून म्हणाला. "एकदा भरली की भरली."

"मगे बरा," वडील म्हणाले, आणि पावती माझ्याकडे न देता आपल्याच खिशात ठेवली.